पंधरा लाखांत मूर्तिजापूर

देवमन तायडे यांना घर दाखवायचा आता मनापासून कंटाळा आला होता. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, दलाल बंडूचा फोन यायचा, "काका, पार्टी घेऊन येऊन राहिलो, घरीच आसान ना?" घरीच असणार. रिटायर माणूस अमरावतीच्या कठोरा रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावरून जाणार तरी कुठे? मग सुंदराबाई उठून हॉल झाडायच्या. ज्या दोन बेडरूम एरवी बंद असत त्यांच्या खिडक्या उघडायच्या, पलंगावरच्या चादरी ताणायच्या. येणारे लोक चपला काढून आत येत, नळ सोडून पाहत, भिंतींवर बोटांनी टकटक करत. देवमनराव मागे मागे चालत आणि ठरलेलं सांगत. पाणी दोन्ही वेळ येतं. लिफ्ट आहे. वारा चांगला येतो. सांगून सांगून आपलाच आवाज त्यांना एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा वाटायला लागला होता.

फ्लॅट नावाला प्रीतमचा होता. प्रीतम त्यांचा एकुलता मुलगा, पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. लॉकडाऊन लागला तेव्हा तो, त्याची बायको रश्मी आणि तान्ही आकांक्षा मूर्तिजापूरला आले ते तिथेच राहिले. स्टेशनजवळच्या गल्लीतलं तायड्यांचं घर तसं मोठं नव्हतं. पुढे एक खोली, मागे एक, वर पत्र्याची माडी. त्या माडीवर पंखा लावून प्रीतम दिवसभर लॅपटॉपवर बोलायचा. एके दिवशी खाली उतरला तो हसतच. कंपनीनं कळवलं होतं की आता कायम घरूनच काम करा.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवसापासून प्रीतम घरं पाहायला लागला. रश्मीचं माहेर अकोल्याचं, म्हणून आधी अकोला पाहिलं. अकोल्यात पाण्याचा प्रश्न. मग अमरावती. लॅपटॉप बापासमोर ठेवून तो सांगायचा, "बाबा, हे पाहा. पुण्यात एवढ्या पैशात एक बेडरूम मिळते, तीही गावाबाहेर. अमरावतीत तीन बेडरूम. तुमची वेगळी, आमची वेगळी, आकांक्षाची वेगळी." देवमनरावांनी जन्मभर मूर्तिजापूरच्या डेपोत बसगाड्यांखाली झोपून काम केलेलं. नातीला स्वतःची खोली असणार हे ऐकून त्यांचा ऊर भरून आला. बँकेचं कर्ज काढूनही पैसे कमी पडत होते. म्हणून गल्लीतलं घर शेजारच्या धान्यवाल्याला अठरा लाखांत देऊन टाकलं. निवृत्तीचे उरलेसुरले तेही घातले. कोणी मागितले नव्हते. देवमनराव स्वतःहून म्हणाले होते, "आमाले आता येगळं घर काय करायचं?"

दोन वर्षं छान गेली. मग कंपनीनं लोकांना परत बोलावलं. आधी महिन्यातून आठवडा, मग आठवड्यातून तीन दिवस, शेवटी रोज. प्रीतम ट्रॅव्हल्सच्या गाडीनं जाऊन येऊन थकला. रश्मीनंही पुण्यातच नोकरी धरली, आकांक्षाचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. तिकडे भाडं, इकडे हप्ता. आणि तीन बेडरूमच्या घरात दोन म्हातारी माणसं, एका खोलीत झोपणारी, दुसऱ्या दोन खोल्यांची धूळ पुसणारी. इथे कोणाचं दार उघडं नसे. सुंदराबाई कधी कधी जिन्यात जाऊन उभ्या राहत, कोणी वर-खाली करताना दिसलं तर दोन शब्द बोलावेत म्हणून. पण सगळे लिफ्टनंच जात.

म्हणून विकायचं ठरलं. प्रीतमनं फोनवर सांगितलं, की इथलं विकून तिकडे एक बेडरूमचा घेऊ, आणि तुम्ही दोघं आमच्याकडे या. "बरं," देवमनराव म्हणाले. काय म्हणणार?

पुण्याचं घर पाहायला दिवाळीच्या सुट्टीत ते दोघं जाऊनही आले. इमारत अजून उभी राहायची होती, पण बिल्डरनं नमुन्याचा एक फ्लॅट सजवून ठेवला होता. टाय लावलेली मुलगी पुढे आणि हे सगळे मागे. हॉलमध्ये सोफा होता, त्याचा पलंग होतो असं तिनं करून दाखवलं. "आजी-आजोबांसाठी परफेक्ट," ती म्हणाली. सुंदराबाई त्यावर बसल्या, मग सरळ आडव्याच झाल्या. पाय घोट्यापासून बाहेर लोंबायला लागले.

"हे पोट्ट्याईचं हाय वाटते," त्या म्हणाल्या.

रश्मी हसली, प्रीतमही हसला. देवमनराव मात्र खिडकीपाशी गेले. समोर दुसऱ्या इमारतीची तशीच खिडकी होती आणि तिच्यात एक म्हातारा बनियनवर उभा राहून इकडेच पाहत होता. देवमनरावांनी उगाच हात वर केला. त्यानं पडदा ओढून घेतला.

परतीच्या गाडीत शेगाव मागे पडल्यावर सुंदराबाई म्हणाल्या, "हॉलात झोपलं म्हंजे त्याईचं टीव्ही पाह्यनं होईलोक आपल्याले जागंच राह्या लागन."

"हो."

"अन् सकाळी पाव्हना आला तं आपल्याले आंगावरची गोधडी घेऊन उठा लागन."

"हो न, बाई," देवमनराव म्हणाले. "पोट्ट्यानं सांगतलं तं काय करू मी?"

हिवाळ्यात बंडू जास्तच पार्ट्या आणायला लागला. हसतमुख, पान खाणारा माणूस होता, मनानं वाईट नव्हता. एकदा गिऱ्हाईक येण्याआधीच तो एकटा वर आला, पाणी प्याला आणि हॉलच्या भिंतीकडे पाहत म्हणाला, "काका, राग नोका मानू. आजची पार्टी बँकेतली हाय. पैशाची पक्की. तेवढा तासभर हा फोटो आतमंदी ठेवला तं?"

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याशेजारी बाबासाहेबांची. गल्लीतल्या घरातही त्या अशाच शेजारी शेजारी होत्या.

"कावून?" देवमनरावांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"मले काई नाई, काका. मी तं तुमच्याच घरी च्या पितो. पन लोकाईचं डोस्कं..."

सुंदराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "म्या काई काढनार नाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमाले काढाचा आसन तं स्टूल गॅलरीत हाये."

देवमनराव गॅलरीपर्यंत गेले. स्टूल तिथेच होतं, त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांनी एक-दोन मिरच्या इकडच्या तिकडे केल्या आणि परत येऊन खुर्चीत बसले. बंडूनं मान हलवली आणि गिऱ्हाईक आणायला खाली गेला.

बँकेतले साहेब आणि त्यांच्या मॅडम आल्या. घर त्यांना आवडलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मॅडमनी स्वयंपाकघरात फ्रीज कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं. मग हॉलमध्ये बसल्या आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. सुंदराबाईंनी चहा आणला. दोन्ही कप टीपॉयवर तसेच राहिले, वर साय धरली. दोन दिवसांनी बंडूचा फोन आला, त्यांना पश्चिमेचं दार नको होतं म्हणे. देवमनरावांनी फोन ठेवला आणि उठून दार पाहिलं. दार पूर्वेला होतं. सकाळचं ऊन रोज त्याच दारातून चपलांच्या स्टँडवर पडायचं.

राग यायला हवा होता. तरुणपणी आला असता, डेपोत एकदा याच कारणावरून त्यांनी एका साहेबाची खुर्ची उलटी केली होती. आता फक्त दमल्यासारखं झालं.

महादेवराव आले ते संक्रांतीच्या सुमारास. शेंदूरजनाघाटचे संत्रा बागायतदार. धोतर नव्हे, पण पायजमा आणि वर स्वेटर. सोबत बायको आशाबाई. मुलीला डॉक्टरकीच्या क्लासला अमरावतीत ठेवायचं होतं, होस्टेलवर विश्वास नव्हता. त्यांनी आल्या आल्या संत्र्यांची भरलेली थैली सुंदराबाईंच्या हातात दिली आणि तसबिरींकडे पाहून हात जोडले. मनापासून जोडले की घर घ्यायचं म्हणून, ते देवमनरावांना कळलं नाही. चहा मात्र त्यांनी प्यायला, दुसरा मागून घेतला आणि मग भाव करायला बसले तो दिवस मावळेपर्यंत.

"अठ्ठावन्न लाख लय होतात, तायडेसाहेब. एवढ्यात तं आमच्या गावात दोन मजली माडी अन् पुढं बगीचा होते."

"मंग गावातच बांधा ना," देवमनराव थकून म्हणाले.

महादेवराव मोठ्यानं हसले. "पोट्टीले क्लास तं इथंच हाये ना!"

शेवटी पंचावन्नला सौदा जमला. प्रीतमला फोनवर विचारलं, तो म्हणाला, देऊन टाका बाबा, आता अजून ओढवत नाही.

खरेदीखतासाठी प्रीतम आणि रश्मी अमरावतीला आले. आकांक्षा तिच्या मैत्रिणीकडे राहिली होती. सही व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाली. रश्मी ताटं उचलत होती, प्रीतम फोनवर पुण्याच्या बिल्डरशी बोलून नुकताच मोकळा झाला होता. देवमनरावांनी हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलं होतं, की तोंडातून निघालं ते परक्याचं वाटलं.

"प्रीतम, मले माहे पैसे पायजे."

"कोणते पैसे, बाबा?"

त्यानं ते खरंच विचारलं. लबाडी नव्हती. एवढ्या वर्षांत बापाचे, त्याचे, बँकेचे सगळे पैसे एकाच घराच्या भिंतीत मिसळून गेले होते आणि त्यातले कोणाचे कोणते, हे त्याच्या मनातून पुसलं गेलं होतं. देवमनरावांना त्याचंच जास्त लागलं.

"मूर्तिजापूरच्या घराचे. अठरा. आमी दोघं तिकडंच लहानसं घर पाहतो."

प्रीतम टेबलावर सांडलेला वरणाचा थेंब बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, "बाबा, बँकेचं फेडून जे उरतं ते सगळं तिकडे भरतोय मी. तेव्हा कुठे हप्ता झेपतो. तुमचे अठरा काढले तर मी कसं करू? आणि तुम्ही वेगळं घर कशाला घेता? तुम्ही तर आमच्याकडे येणार ना?"

"कोनाच्या हॉलात?"

"आपल्या हॉलमध्ये."

"हॉलात पाव्हने झोपतात, बाप्पा."

रश्मी ताटं ठेवून परत आली आणि खुर्ची ओढून बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती रोज सकाळी आठला घर सोडते हे सगळ्यांना ठाऊक होतं. "बाबा, मी भांडत नाही," ती म्हणाली. "पण माझं ऐकून घ्या. शाळा सुटल्यावर आकांक्षा संध्याकाळपर्यंत पाळणाघरात बसते. तुम्ही दोघं आलात की ती घरी येईल, गरम पोळी खाईल, हाच विचार करून मी दिवस ढकलत होते. मला वाटलं, तुम्हालाही तेच हवंय."

हे खरं होतं. सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला. नातीचं नाव निघालं की त्या विरघळायच्या. देवमनरावांना वाटलं, आता ही हो म्हणणार आणि आपलं बोलणं वाया जाणार.

पण त्या रश्मीचा हात धरून म्हणाल्या, "पोट्टीसाठी म्या येईन. महिना म्हन, दोन महिने म्हन, तू बोलावशीन तवा येईन. तुह्या हॉलातबी झोपीन. पन परत जाले माह्यावालं घर पायजे, बाई. परत जाले जागा नसली तं म्या तिथं पाव्हनी नाई राह्यनार, सामान होऊन जाईन."

रश्मी रडली. प्रीतम उठून गॅलरीत गेला. संध्याकाळी तो परत बापाजवळ येऊन बसला. अठरा त्याच्यानं होणार नव्हते. पंधरा देतो, म्हणाला, आणि पुण्यात तो घेणार होता तो फ्लॅट सोडून त्याच रस्त्यावर आणखी पुढे, जिथे अजून बसही नीट जात नाही, तिथला घेतो.

"तुले लांब पडन," देवमनराव म्हणाले.

"पडेल," प्रीतम म्हणाला. "सवय होईल."

देवमनरावांना वाटत होतं, की म्हणावं राहू दे, नको मले काई. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. त्यांनी ते गिळले.

पंधरा लाखांत काय मिळतं ते पाहत देवमनराव मग महिनाभर हिंडले; घर रिकामं करायला महादेवरावांनी दोन महिने दिले होते. रश्मीच्या आईनं अकोल्यातली एक जागा सुचवली, एक खोली आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की प्रेत कसं उतरवतील हाच विचार त्यांच्या मनात आला. एका दलालानं सांगितलं, तेल्हाऱ्याला चला, पंधरात मोकळं अंगण असलेलं पक्कं घर देतो. देवमनराव म्हणाले, "अंगनात बसून बोलू कोनासंग? तेल्हाऱ्यात माहं कोन हाये?"

मूर्तिजापूरला त्यांच्यासोबत शेषराव फिरले. शेषराव त्यांच्या काळचे कंडक्टर, आता गुडघ्यांनी हैराण, तरी काठी टेकत येत. पहिल्याच दिवशी दोघं जुन्या गल्लीत गेले. धान्यवाल्यानं घर पाडून खाली दोन शटरची दुकानं काढली होती, वर गोदाम. माडीवर चढणारा लोखंडी जिनाही कुठे तरी भंगारात गेला असावा.

"आता इथं पंधरात काय भेटन?" देवमनरावांनी विचारलं.

"एक शटर," शेषराव म्हणाले. "अर्धं."

स्टेशनच्या बाजूला काही नव्हतं. बाजारपेठेत नव्हतं. त्यांनी अकोला रस्ता पाहिला, दर्यापूर रस्ता पाहिला. एका ठिकाणी घर चांगलं होतं, पण मालकानं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी विकायचं रद्द झालं. शेषराव रस्त्यातच शिव्या द्यायला लागले. ते स्वतः कुणबी होते आणि आपल्या मित्रासमोर त्यांना लाज वाटत होती. देवमनराव म्हणाले, "चाल ना, भाऊ. पुढचं पाहू. पाय दुखून राहिले."

पुढचं होतं कारंजा रस्त्याला, गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर जागा. रस्ता अजून मुरुमाचा. दिव्याचे खांब उभे होते, दिवे लागायचे होते. मालक शाळेतला शिपाई होता, त्यानं आडनाव ऐकून "जय भीम, काका," म्हटलं आणि साडेचौदाच्या खाली काही उतरला नाही. सुंदराबाईंनी दोन्ही खोल्यांतून चालून पाहिलं. खिडकीतून पाहिलं. पलीकडे तुरीचं वावर होतं आणि अलीकडे शेजारणीची भिंत, कमरेएवढी.

"कसं हाये?" देवमनरावांनी विचारलं.

"पयल्यापेक्षा लहानच हाये," त्या म्हणाल्या. "स्टेशन बी लांब पडते. बाजार बी." आणि मग जरा थांबून, "घेऊन टाका. आता आनखी हिंडू नोका."

सामान हलवायला शेषरावांचा पुतण्या टेम्पो घेऊन आला. अमरावतीचा मोठा सोफा दारातून आत जाईना. उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला, शेवटी त्या पुतण्यालाच विकून टाकला, त्यानं मागितला त्या भावात. तसबिरी तेवढ्या देवमनरावांनी स्वतः मांडीवर घेऊन आणल्या होत्या, त्या आधी लावल्या. बाकीची गाठोडी, भांड्यांची पोती, गाद्यांच्या वळकट्या पुढच्या खोलीत एकावर एक पडल्या. दोघांनाही त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

सुंदराबाईंनी शेगडी तेवढी मांडली आणि चहासाठी दूध तापत ठेवलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "कोन, नवे आले का? मी दुर्गाबाई. पानी भरलं का तुमी? नाई भरलं आसन तं आत्ताच भरून ठेवा, मंग पहाटं चार वाजेलोक नळाले काई येत नाई."

सुंदराबाई बाहेर गेल्या. देवमनराव वळकटीला पाठ टेकून खाली बसले होते. कंबर ठणकत होती. खिशात फोन वाजला, प्रीतमचा. पोचलात का, विचारत होता. आकांक्षाला बोलायचं होतं, पण ती आत्ताच झोपली, असं रश्मीनं त्याला कळवलं होतं.

"पोचलो," देवमनराव म्हणाले.

"घर ठीक आहे ना बाबा?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एका कोपऱ्यात भिंतीला ओल होती, ती पाहताना लक्षात आली नव्हती. पावसाळ्याआधी पाहावं लागणार होतं. "ठीक हाये," ते म्हणाले. "तुही माय शेजारनीसंग बोलून राहिली."

"इतक्यात?"

"हो. आल्या आल्या."

प्रीतमच्या मागे रहदारीचा आवाज येत होता, तो अजून घरी पोचायचाच होता. थोड्या वेळानं "बरं, ठेवतो" म्हणून त्यानं फोन ठेवला.

बाहेर सुंदराबाईंचं सुरूच होतं. मूळ गाव कोणतं, मुलगा कुठे, नात केवढी, अमरावतीचं घर किती मोठं होतं आणि तिथे कोणी कोणाशी कसं बोलत नव्हतं. शेगडीवर दूध वर यायला लागलं. देवमनरावांनी हाक मारायला तोंड उघडलं, मग हात टेकून स्वतःच उठले आणि गॅस बंद केला.